फुलीचं ताट

आकारामच्या ताटाच्या काठावर एक फुली कोरलेली होती. 'सी' प्रकारच्या काविळीचा विषाणू त्याच्या रक्तात सापडला, त्याच आठवड्यात झुंबरबाईनं ती कोरून घेतली. तेव्हापासून बिचारा नवरा कोपऱ्यात, त्याच ताटात जेवत होता. हा रोग ताटातून पसरत नाही, असं डॉक्टर कानीकपाळी ओरडले. ऐकतंय कोण?

पुढं गोळ्यांनी विषाणू गेला. रिपोर्ट घेऊन आकाराम घरी, उचगावला, आला तो नाचतच.

"डॉक्टर म्हणलं, शत्रू गेला," तो बायकोला सांगू लागला. "पर अंगातलं पहारेकरी इतकी वर्सं लढून दमल्यात. ताकद सावकाश येती, काहींची येतबी न्हाय. आन रगतात जुनी खूण तेवढी ऱ्हाती."

झुंबरबाईनं त्यातलं शेवटचंच धरलं. "म्हंजे खूण ऱ्हातीय की."

आकारामच्या ते जिव्हारी लागलं. रविवारी सुनेचे आईवडील जेवायला येणार होते, आणि त्याला एकदा तरी सगळ्यांसारखं पंगतीत बसायचं होतं. सारी हयात कारखान्यात भांडी पॉलिश करण्यात गेलेली. त्यानं फुली घासून काढली. एकच ताट चमकलं तर चोरी पकडली जाईल, म्हणून घरातली सगळी ताटं चमकवली. पंगतीसाठी शेजारच्या यल्लव्वाकडून आणलेलीही सोडली नाहीत.

रविवारी मटण शिजलं आणि सून निशिगंधा स्वयंपाकघरातून म्हणाली, "आत्ती, मामांचं ताट घावंना."

"त्यातच हाय," आकाराम ऐटीत म्हणाला. "दावा वळखून."

कुणालाच ओळखता येईना. निशिगंधानं सगळी ताटं उकळत्या पाण्यात घातली, काढली, पुन्हा घातली. व्याह्यांना मटणाचा वास घेता घेता उपास आठवला. यल्लव्वानं दारातूनच हात जोडले, "ऱ्हाऊ द्यात आमची ताटं तुमच्याकडंच. लई चकचकीत झाल्यात."

शेवटी दुकानातून कागदी पत्रावळ्या आल्या, तसा व्याह्यांचा उपासही सुटला. आकाराम पंगतीत बसला खरा, पण त्याच्यासमोर ताट आलं ते स्टीलचं. दोन घरची ताटं आता त्याच्या एकट्याची होती. त्याला रडू आवरेना.

"मनाला लावून घिऊ नगासा," झुंबरबाई हळूच म्हणाली. "तुमीच म्हणला न्हवं, पहारेकरी दमल्यात. घरातलंबी तसंच. येतील सावकाश ताळ्यावर."

"आन न्हाईच आलं तर?"

झुंबरबाईनं त्याला रस्सा वाढला, भरपूर वाढला, ताटाला पळी लागू न देता.