टहिलरामचा बंगला

चिखलोलीत मोतीबाईच्या नजरेतून काही निसटत नाही, असं चारचौघांत सांगायची ती मोतीबाई स्वतःच. त्रेपन्न सालच्या माघात तिच्या लेकीसाठी, जनीसाठी, बदलापूरकडच्या कमळाकरचं स्थळ आलं, सोबत त्याचा फोटो आला, आणि ही नजर कामाला लागली.

मुलगा पांढऱ्याशुभ्र बंगल्याच्या पायरीपाशी उभा होता, हात खांबावर. मोतीबाईने पेटीतून जनीचा फोटो काढून शेजारी ठेवला. तोच बंगला, तीच पायरी, हातही खांबावर त्याच जागी! महिन्यापूर्वी नवऱ्याने, बुधाजीने, जनीला सिंधी निर्वासितांच्या कॅम्प चारला नेऊन तो काढून आणला होता आणि 'शेटच्या बंगल्यात काढला' म्हणून गावभर मिरवला होता.

म्हणजे ही दोघं त्या बंगल्यात आधीच भेटत होती. मोतीबाईने सुपारी फोडणं, म्हणजे लग्न पक्कं करणं, थांबवलं. जनीला विचारलं, तर ती पदरात तोंड घालून हसली. बुधाजीला विचारलं, तर त्याला एकदम बैलांना पाणी दाखवायचं आठवलं. संशय चुलीवरच्या पेजेसारखा उतू चालला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फोटो कमरेला खोचून ती पायीच कॅम्प चारला गेली. बराकीमागून बराकी संपल्या, बंगला काही दिसेना. शेवटी टहिलराम फोटोवाल्यापुढे तिने फोटो आपटले.

"यो बंगला कुठं हाय? मना आतून बघायचाय."

टहिलरामने मागे बोट दाखवलं. बंगला बांबूला लटकला होता, रंगवलेल्या पडद्यावर.

"आनी दोघांचा हात तिथंच कसा?"

"बाई, उंदराने खांब खाल्ला. भोक दिसू नये म्हणून मीच हात ठेवायला सांगतो."

मोतीबाईने भोकात बोट घालून खात्री केली. घरी येऊन बुधाजीला आठवडाभर 'बंगलेवाले शेट' म्हणून हाका मारल्या, जनीची मनातल्या मनात माफी मागितली आणि सुपारीचा दिवस धरला.

त्या दिवशी टहिलराम पडदा घेऊनच मांडवात आला. मोतीबाई एकेका पाहुण्याला भोक दाखवत, आपल्याला फसवणं किती अवघड ते सांगत होती. कमळाकर आणि जनी पडद्यापुढे उभी राहिली. टहिलरामने कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि ओळखीचं हसला.

"आज हलू नका हां. त्या दिवशी मुलीचे बाबा चहाला गेले, आणि तुम्ही दोघं हसत राहिलात. माझ्या फोटोच्या तीन काचा फुकट गेल्या."

जनीने खाली पाहिलं, बुधाजीने बैलांकडे.

मोतीबाईचं बोट अजून भोकातच होतं.