गार हाताचा मान

नाना गुरुजी आमच्या लासुर्ण्यात आलं आन पयल्याच दिवशी त्यांनी माझ्या गालाला हात लावला.

मी काय तान्हं पोर न्हाय. मिशा हायत मला. फाट्यावर माझं पत्र्याचं हाटेल. इंदापूरकडनं येस्टी आली, त्यातनं हे उतरलं. धोतर, काळी टोपी, एका काखेत वळकटी आन दुसऱ्या हातात तांब्याचा हंडा. निरवांगीहून बदली होऊन आलेत म्हणलं. मी चहाचा कप फुडं ठेवला आन सगळ्यांना सांगतो तसं सांगितलं, "बेतानं घ्या, गरम हाय."

गुरुजी म्हणलं, "कशापेक्षा?"

आता चहा कशापेक्षा गरम असतो? चहा गरमच असतो. ह्यांनी हाताची पालथी बाजू कपाला लावली. मंग बाकाच्या फरशीला लावली. मंग उठलं आन सरळ माझ्या गालाला लावली.

"फरशीपेक्षा गरम. गणपतरावांच्या गालापेक्षाही गरम. चुलीपेक्षा गार असणार. म्हणजे पिण्याजोगा आहे." आन प्यायलं.

सगळं हाटेल हसलं. आन तितंच माझ्या पोटात पयला निखारा पडला. कारण हाटेलात हसवायचं काम माझं. माझा चहा म्हंजी रंगीत पाणी, त्ये मलाबी ठावं आन गिऱ्हाइकालाबी. लोक येत्यात त्ये मी माझी फजिती सांगतो ती ऐकायला. माझ्या लग्नात मी शेजारच्या मांडवात चुकून जेवाय बसलो आन हिकडं नवरदेव हुडकत माणसं विहिरीत वाकून बघत व्हती, ह्यो किस्सा ऐकाय बारामतीचा डायवर गाडी दम खाऊ देतो. आन हितं एक मास्तर येतो, एक शबुद बोलतो, आन माझं गिऱ्हाईक त्याला हसतं. वर गिऱ्हाइकाची हाक ऐकून मला गणपतराव म्हणतो. गावात मला समदी गणप्या म्हणत्यात. मान दिऊन माणसाला खाली बसवायची ही कुठली तऱ्हा?

गुरुजींकडं बिगरीचा वर्ग. पाच-सा वर्षांची चिल्लीपिल्ली. त्यात माझी पोरगी शेवंताबी व्हती. आता मास्तरानं काय करावं? पाटीवर श्री काढून द्यावा, छडी मारावी, घरी जावं. ह्यांनी पयल्या दिवशी सांगितलं, "पाट्या ठेवा. हात बाहेर काढा." आन पोरं घेऊन गावातनं निघालं. देवळाच्या पायरीला हात लावा. आता उन्हातल्या पायरीला लावा. लिंबाच्या बुंध्याला लावा. आबा पाटलाच्या म्हशीच्या नाकाला लावा, आता तिच्या कानाला लावा. "काय गरम?" "कान." "कशापेक्षा?" "नाकापेक्षा." म्हैस बिचारी पंचवीस पोरांनी नाक चाचपल्यावर दूध द्यायचं इसारली.

आन मंग समद्या गावाला ती खोड लागली. घराघरात पोरं हात पालथं करून फिरत्यात. शेजारची गंगू पोराला म्हणली, "जेव रं, भाकर गरम हाय." पोरगं म्हणलं, "कशापेक्षा?" गंगू म्हणली, "आता तुझा गाल गरम व्हईल, मंग दोन्हीला हात लावून सांग." माझ्या हाटेलात एका पोरानं बापाच्या कपाला हात लावला, मंग बापाच्या कपाळाला लावला आन म्हणलं, "दादा, चहापेक्षा तुमचं कपाळ गरम हाय." तवापास्नं गिऱ्हाईक पैशे द्यायच्या आदी कपाला हात लावाय लागलं. मला चहा खरंच गरम करून द्यावा लागला. जळण वाढलं.

मी आबा पाटलाकडं गेलो. म्हणलं, "आबा, ह्यो मास्तर शिकवतो काय? गार आन गरम. त्ये तर म्हशीलाबी कळतं."

आबा पान लावत म्हणलं, "मंग म्हशीला धाड शाळेत. तू बी संगं जा. तुमा दोघांची वर्गात बरी सोबत व्हईल."

पर ह्ये समदं मी पचवलं असतं. जळलो त्ये शेवंतापायी.

शेवंता माझी एकुलती एक. माझ्या एकूण एक किस्श्याला हसायची. शंबर बारीला ऐकल्याला असला तरी, नवरदेव शेजारच्या मांडवात शिरला की तिचं हसू सुटायचंच. रोज सकाळी मी तिला हाताला धरून शाळंला सोडाय जायचो. हाटेल उघडं, दूध चुलीवर, तरीबी जायचो. दिवसातलं त्येवढंच माझं सणासुदीचं.

गुरुजींनी थंडीत एक नवी तऱ्हा काढली. शाळा भरली की स्वता ओसरीवर बसायचं. पोरांनी एकमेकांच्या हाताला हात लावायचा आन ठरवायचं, कुणाचा गार, कुणाचा त्याहून गार. शेवटाला गुरुजी स्वता सगळ्यांचं हात हातात घिऊन बघायचं. ज्याचा हात सगळ्यात गार, त्याला उन्हाच्या भितीला पयली जागा. त्याच्या मागं त्याच्यापेक्षा कमी गार, अशी रांग. वस्तीवरची पोरं उसाच्या दहिवरातनं चालत येत्यात, त्यांचं हात निस्तं बरफ. तीच रोज उन्हाला. आमचं घर गावातच, शेवंता गरम भाकर खाऊन जायची, तवा तिचा लंबर सावलीत.

तिला तर पयला लंबर पायजे व्हता. मंग ती काय करायची? निघायच्या टायमाला रांजणात कोपरापतुर हात घालायची. आन वाटंला मी हात धराय गेलो की म्हणायची, "आप्पा, हात सोडा. गरम व्हतोय."

आता बोला. बापाचा हात गरम हाय म्हणून पोरगी सोडाय लावती. ती फुडं दोन्ही हात हवंत धरून चाललीय, आन मागं मी. माझा हात आपला रिकामा लोंबतोय, कासऱ्याला बैल नसल्यावानी.

घरी येऊन मी म्हणलं, "मास्तर पोरी बिघडवाय लागलाय."

कारभारीण चुलीपाशी व्हती. म्हणली, "मास्तरावर जळताय व्हय?"

"मी? मी कशाला जळू?"

"मंग आज चूल पेटवायच्या आदीच घरात धूर कसा झाला?"

मी ठरवलं, मास्तराला त्याच्याच आखाड्यात पाडायचा. शेवंतानं सांगितलं व्हतं, सोमवारी गुरुजी तीन भांड्यांचा खेळ करणार हायत. एका घंगाळात कढत पाणी, एकात रांजणातलं गार, मधल्यात दोन्ही मिसळून कोमट. एक हात कढत पाण्यात बुडवायचा, एक गार पाण्यात, आन मंग दोन्ही हात मधल्यात. मी हजर. म्हणलं, "गुरुजी, पयला मान माझा."

माझा डाव सोपा व्हता. वीस वर्सं उकळतं पातेलं फडक्याबिगर उतरवून माझं तळहात म्हंजी चांभाराचं कातडं झाल्यालं. कढत पाण्यात हात घालायचा आन पोरांम्होरं म्हणायचं, ह्ये काय गरम, ह्ये तर गारगार. पोरं खदाखदा हसतील, शेवंता सगळ्यात जास्त.

घातला. म्हणलं, "आरं, ह्यात म्हशी बसवा, गारगार हाय." पोरं हसली. मला बरं वाटलं. मंग गुरुजींनी पोरांना एकेक करून बुडवाय लावलं, कढत पाण्यात जरा गार मिसळून. पोरांनी दोन्ही हात मधल्या भांड्यात घातलं आन डोळं मोठं केलं. एक हात म्हणतोय गार, एक म्हणतोय गरम. पाणी तर एकच. "गुरुजी, ह्यो हात खोटं बोलतोय." "दोन्ही खरं बोलतात. दोघं वेगळ्या गावांहून आलेत." पोरांनी कालवा केला, पुन्यांदा करू, पुन्यांदा करू.

मीबी एक हात कढत पाण्यात, एक गार पाण्यात बुडवून मंग दोन्ही मधल्यात घातलं. वाट बघितली. डाव्याला काय न्हाय, उजव्याला काय न्हाय. दोन खुटं पाण्यात रोवल्यावानी मी उभा.

"आप्पा, कोणता गार?" शेवंतानं इचारलं.

"दोन्ही सारखं."

ती हसली न्हाय. बाकीच्या पोरांना हळूच म्हणली, "आमच्या आप्पांच्या हाताला कळतच न्हाय."

पोरं फिदीफिदी हसाय लागली तसं गुरुजी म्हणलं, "हसायचं नाही. ह्या हातांनी आख्ख्या गावाला गरम चहा पाजलाय. ते हात तुमच्यापेक्षा जास्त शाळा शिकलेत."

झालं. दुश्मनानं शिवी दिली तर माणूस दुप्पट शिवी देतो. दुश्मनानं बाजू घेतली तर काय करावं? मी वल्लं हात धोतराला पुसलं आन घरी आलो. त्या दिवशी कुणाला किस्सा सांगितला न्हाय. डायवर वाट बघून गेला.

पौषात एक दिवस शाळा भरलीच न्हाय. शेवंता दप्तर घिऊन हाटेलात आली. "गुरुजी आलं न्हायती. मोठं मास्तर म्हणलं, घरी जा."

खरं सांगतो, माझ्या मनात पाव्हणं आल्यागत झालं. तिला बाकावर बसवलं, लग्नाचा किस्सा काढला. नवरदेव शेजारच्या मांडवात शिरला. हिचं ध्यान न्हाय.

"आप्पा, आपुन बघून येऊ."

"मोठं माणूस हाय. इंदापूरला गेलं असंल."

तिनं माझा हात धरला आन वढला. आपणहून. थंडी सुरू झाल्यापास्नं पयल्यांदा. निमित्त मास्तराचं असलं तरी हात माझा व्हता. मी हाटेल तसंच टाकून गेलो.

गुरुजी देवळामागं एका खोलीत राह्यचं. मी कधी आत गेलो नव्हतो. शेवंताला म्हणलं, दाराबाहीर थांब. आत वाकून बघितलं तर हे भुईवर घोंगडी पांघरून बसलेत आन तांब्याच्या हंड्याला कपाळ लावलंय. मंग सरकून भितीला कपाळ लावलं. मंग स्वताच्या कपाळाला स्वताचा हात लावला. मान हलवली, आन पुन्यांदा हंड्याला.

मला वाटलं, गेला मास्तर कामातनं.

"गणपतराव का? या." आवाज पार बसल्याला. "मोठी अडचण झालीय. ताप आहे की नाही, तेच कळत नाही."

"हात लावून बघा की कपाळाला."

"तेच तर. हातही माझा आणि कपाळही माझं. दोन्ही सारखंच तापलं असेल तर कळणार कसं? हंड्याला लावून बघितलं तर हंडा गार लागतो. पण हंडा काय, नेहमीच गार लागतो." घोंगडी वढून घेत म्हणलं, "आई होती तेव्हा तिच्या हाताला कळायचं. ती गेल्यापासून अंदाजानं चाललंय. बदली होईल तिथं हीच पंचाईत. सगळ्या गावाचे हात मी बघतो, पण कुणाला म्हणावं, माझ्या कपाळाला हात लाव? बरं दिसत नाही."

मी खोलीत नजर फिरवली. जेच्यावर मी येवढं सरपण जाळलं, त्याच्या खोलीत एक घोंगडी, एक हंडा, एक चूल. चुलीत कालचीच राख.

"तुम्ही बघता का?" गुरुजींनी कपाळ फुडं केलं.

मी हात लावला. तुमाला ठावं हाय, काय कळणार? लाकडानं लाकडाला लावल्यावानी. मी पालथा हात लावला, मनगाट लावलं. काय न्हाय. आयुष्यात पयल्यांदा माझी मलाच लाज वाटली आन त्याचा किस्सा कराय सुचंना.

"मला न्हाय कळत, गुरुजी," मी म्हणलं. मंग दाराकडं तोंड करून हाक मारली, "शेवंते, आत ये."

ती आली. काय सांगावं लागलं न्हाय. तिनं आपला पालथा हात गुरुजींच्या कपाळाला लावला. मंग माझ्याकडं वळून माझ्या कपाळाला लावला. पुन्यांदा त्यांच्या.

"आप्पांपेक्षा लई गरम," ती म्हणली. "लई म्हंजी लईच."

"बरं झालं, कळलं एकदाचं," गुरुजी म्हणलं आन भितीला टेकलं.

मी म्हणलं, "मी पेज करून आणतो. आन वैद्याला सांगावा धाडतो. चल शेवंते."

तिनं हात काढला. तसं गुरुजींनी डोळं न उघडताच म्हणलं, "राहू दे गं जरा. अजून नीट कळलं नाही."

ज्या माणसाला कपाचा, फरशीचा आन माझ्या गालाचा हिशेब एका दमात लागला व्हता, त्याला ह्ये अजून कळलं नव्हतं.

शेवंतानं हात पुन्यांदा ठेवला. जरा येळानं तो हात गरम झाला, तसं ती उठली, कोपऱ्यातल्या हंड्यात दुसरा हात बुडवला, पाणी झटाकलं आन त्यो लावला. मी तिला घरी चल म्हणलं न्हाय. खाली वाकून चुलीतली राख वढाय लागलो.