चार वाजता आग

"पंचवीस? अहो, पन्नास वाचक उभे करते! खुर्च्या पुरल्या नाहीत तर मग मला बोल लावू नका!"

ग्रंथपाल बाई हे ठणकावून बोलल्या खऱ्या, पण अध्यक्षांच्या खोलीबाहेर पाऊल टाकताच त्यांनी बोटांवर वाचक मोजायला घेतले आणि त्या तिसऱ्या बोटावरच अडकल्या. कारण वाचनालयात नेमाने येणारे वाचक होते तीन. एक शब्दकोडं सोडवायला यायचे, एक पंख्याखाली बसायला आणि तिसरे झोपायला. तिसऱ्यांना वाचक म्हणायचं ते केवळ तोंडावर पुस्तक असायचं म्हणून!

संस्थेच्या अध्यक्षांचं म्हणणं सरळ होतं. "जगातलं सगळं ज्ञान यात आहे, बाई," खिशातला फोन थोपटत ते म्हणाले होते. "मग चार कपाटांसाठी एवढं दालन कशाला अडवायचं? तिथे व्यायामशाळा करू. गुरुवारी चार वाजता मी येतो. पंचवीस डोकी दिसली तर वाचनालय राहील. नाहीतर कुलूप!"

बाईंची एकतीस वर्षं त्या दालनात गेली होती. कुलूप म्हटल्याबरोबर त्यांना रडूच फुटायचं, पण अध्यक्षांपुढे रडणं त्यांना मरणापेक्षा कठीण होतं. म्हणून त्या घरी येऊन रडल्या.

"अगं, त्यात काय एवढं!" नवरा म्हणाला. निवृत्त झाल्यापासून तो न मागता सल्ले द्यायचा. "सभासदांच्या गटावर निरोप टाक. टाइपसुद्धा करायला नको. तू बोलायचं, फोन लिहितो!"

गुरुवारी दुपारी बाईंनी सगळी कपाटं झटकली. साडेतीनला फोन तोंडासमोर धरला, घसा साफ केला आणि भाषणाच्या थाटात सुरुवात केली. "वाचनालय वाचवा! आज चार वाजता आग..."

त्यांना म्हणायचं होतं 'आग्रहाचं निमंत्रण'. पण झटकलेली धूळ नेमकी तेव्हाच नाकात शिरली. "आ... छी!" शिंकेच्या हिसक्याने अंगठा पडू नये तिथे पडला आणि निरोप निघून गेला. तेवढ्यात वेळेआधीच बाहेर अध्यक्षांची गाडी वाजली. बाईंना वाटलं, अर्धवट वाक्य फोन पाठवतो कशाला? त्यांनी फोन खणात टाकला आणि नशिबावर हवाला ठेवून दार उघडलं.

इकडे दोनशे सभासदांच्या फोनवर अक्षरं उमटली : 'वाचनालय वाचवा आज चार वाजता आग छी'.

"चार वाजता?" शिंप्याची बायको म्हणाली. "आग लागायची वेळ आधीच कशी काय कळली?"

"बाईंचं सगळं वेळच्या वेळी असतं!" शिंपी कात्री टाकून उठला. "ग्रंथपाल आहेत त्या!"

"आणि हे 'छी' काय?"

"धूर असणार! बादली आण!"

चारला पाच कमी असताना अध्यक्ष घड्याळाकडे बघून म्हणाले, "बाई, डोकी तीन. त्यातलं एक घोरतंय."

"येतील हो! वाचक आहेत ते, आगगाडी नव्हे," बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ते पाणी पाच मिनिटांनी आलं, बादल्यांतून! आधी शिंपी, मागून बेकरीवाला, परिचारिका, सायकल दुरुस्त करणारा, आजीबाई, मास्तर... रस्ता भरून माणसं धावत येत होती.

"बघा!" बाई आनंदाने ओरडल्या. "मोजा आता डोकी!"

"पण यांच्या हातात बादल्या का आहेत?"

उत्तर द्यायला उसंत कुणाला होती? अध्यक्ष नेमके सिगारेट शिलगावून खिडकीत उभे होते. आजीबाईंना धूर दिसला. "इथे आहे गं बाई!" म्हणत त्यांनी अख्खी बादली रिकामी केली. पाणी अध्यक्षांच्या डोक्यावरून थेट खिशात उतरलं; वाटेत अडवायला एकही केस नव्हता. खिशातल्या फोनने एकदा डोळा उघडला आणि प्राण सोडला.

"आधी पुस्तकं वाचवा!" शिंपी गरजला. मग काय विचारता! कुणी पदरात, कुणी पोत्यात, कुणी बादलीत भरून पुस्तकं नेली. बाई "आग नाही, आग नाही!" म्हणून ओरडत होत्या. "बाई घाबरल्यात, त्यांना धरा," असं म्हणून परिचारिकेने त्यांना बाकावर निजवलं. दहा मिनिटांत दालनात उरली रिकामी कपाटं, ओले अध्यक्ष आणि तिसरे वाचक. ते अजून झोपलेलेच होते.

"वाचक भरपूर आले, कबूल," अध्यक्ष शर्ट पिळत म्हणाले. "पण पुस्तकं कुठायत? एकाची तरी नोंद आहे? पुस्तकांशिवाय वाचनालय कसलं? सोमवारी कुलूप लावतो."

बाई ताडकन उठून बसल्या. "सोमवारपर्यंत सगळी परत आणते. नाहीतर विचारा तुमच्या फोनला, माझी पुस्तकं कुठे गेली ते!"

फोनमधून थेंब गळाला.

बाईंनी कागदसुद्धा घेतला नाही. घराला आग लागली की माणूस आधी आपलं माणूस बाहेर काढतो. पुस्तकांचंही तसंच असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या सरळ शिंप्याकडे गेल्या : सगळ्या रहस्यकथा तिथे! प्रवासवर्णनं सायकलवाल्याकडे, तो बिचारा कधी गावाबाहेर गेला नव्हता. परिचारिकेच्या घरी औषधांच्या कपाटामागे प्रेमकथा. मास्तरांनी गणिताचं एकही पुस्तक नेलं नव्हतं, सगळी भुताखेतांची! कुणाला काय लागतं, कुणाला काय लपवून लागतं, बाईंना सगळं पाठ होतं. लोक हसत, लाजत पुस्तकं काढून देत होते. काहींनी तर माळ्यावरची, दहा-बारा वर्षं विसरलेलीही दिली.

सोमवारी अध्यक्षांनी स्वतः पुस्तकं मोजली. दोनदा मोजली. "बाई, गेली त्यापेक्षा सदतीस जास्त आहेत!"

"अडतीस," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या बगलेकडे बघत राहिल्या.

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बगलेतलं कागदात गुंडाळलेलं पुस्तक हळूच टेबलावर सरकवलं. 'टकलावर पुन्हा केस, भाग पहिला.' एकोणीस वर्षांपूर्वी नेलेलं!

"ज्ञान सगळं फोनमध्ये आहे म्हणा," ते घसा खाकरून पुटपुटले. "पण... याचा दुसरा भाग आला का हो?"

"आलाय की," बाईंनी चष्मा पुसत सांगितलं. "पण बाहेर गेलाय. तुमच्या पुढे अजून सहा जण आहेत. वाचनालय चालू राहिलं, तर दिवाळीपर्यंत तुमचाही नंबर लागेल!"