डोळे वटारल्याची गोष्ट

माफी कशी मागावी, हे माझ्याकडून शिकावं! चाळीस वर्षं देगू शहराच्या पोस्टात खिडकीमागे काढली. हरवलेल्या पार्सलांपायी रोज चार जणांपुढे वाकलो, आणि एकालाही रागात घरी जाऊ दिलं नाही. तेव्हा चुसॉकच्या सणाला, पूर्वजांच्या पूजेसाठी गावी जाऊन थोरल्या भावाचा राग घालवणं, हे माझ्या मते अर्ध्या तासाचं काम होतं.

राग सहा वर्षांचा होता. आईचं थडगं डोंगरावरून हलवून अस्थी शहरात ठेवू, असं मी बोलून गेलो. पण बोलण्यापेक्षा दादांना माझी हनुवटीच जास्त झोंबली. "नाक वर करून माझ्याशी बोलतोस?" म्हणत त्यांनी मला घराबाहेर काढलं. अहो, पापण्या इतक्या खाली आल्या होत्या की समोरचा माणूस दिसायला मला मान मागे टाकावी लागे! गेल्या वसंतात दादा हॉस्पिटलात होते, तेव्हाही मला दारातूनच परत पाठवलं. ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत. हे असंच राहून गेलं तर, या विचाराने मला घास जात नसे.

"बाबा, ऑपरेशन करून पापण्या उचलून घ्या," मुलगी सोरा म्हणाली. "माझ्या सगळ्या मैत्रिणींनी आपापल्या आईबाबांचं करून दिलंय. तुमचंच राहिलंय, मला चारचौघींत लाज वाटते!"

ऑपरेशन झालं, मान सरळ झाली. पण आरशात पाहिलं तर मीच माझ्यावर खेकसत होतो! "सूज आहे, दोन-तीन महिन्यांत डोळे निवळतील," डॉक्टर म्हणाले. "आणि महिनाभर डोकं खाली वाकवायचं नाही."

"अहो, बारा दिवसांनी चुसॉक आहे!"

"मग उभ्याने साजरा करा."

बायको, सोरा आणि पेअरची पेटी घेऊन गावी गेलो. सणाचा दिवस, म्हणून दादांनी आत घेतलं. पूर्वजांपुढे ताटं मांडलेली, सगळे कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार करताहेत, आणि मधोमध मी खांबासारखा ताठ, डोळे हे एवढे!

"वाकत नाहीस?" दादा म्हणाले.

"दादा, डॉक्टरांनी..."

"आणि वर माझ्यावर डोळे वटारतोस? वाडवडिलांसमोर?"

"वटारत नाही हो, ते मिटतच नाहीत!"

"ऐकलंत? वाकणार नाही, डोळेही मिटणार नाही!"

"सोराचे बाबा, निदान जमिनीकडे तरी बघा," माझी बायको मल्सुन मागून कुजबुजली. बघितलं. बुबुळं खाली गेली, पापण्या वरच राहिल्या, आणि नुसतं पांढरं बघून वहिनी किंचाळल्या.

दादा तरातरा माझ्यासमोर आले. मान मागे, हनुवटी वर. मला हाकलतानाचा त्यांचा सहा वर्षांपूर्वीचा तोच तोरा! माझंही डोकं भडकलं. आता चार शब्द सुनावायचेच म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. दादांच्या पापण्या अर्ध्या बुबुळांवर उतरल्या होत्या. त्या तोलून धरण्यासाठी कपाळावर आठ्यांची रांग लागली होती. शेवटी शेवटी आईही अशीच बघायची. सहा वर्षं आम्ही दोघं एकमेकांना गर्विष्ठ समजत बसलो, आणि दोघांनाही धड दिसत नव्हतं!

थोरल्या भावाच्या तोंडाला हात लावायची हिंमत मला जन्मात झाली नव्हती. त्या दिवशी मी दोन्ही अंगठ्यांनी त्यांच्या पापण्या वर उचलल्या.

दादा माझ्याकडे बघत राहिले.

"दोक्जे?" ते म्हणाले. "अरे, किती म्हातारा झालास रे तू!"

चाळीस वर्षांचा माफीचा सराव वाया गेला. रडूच आलं. डोळे मिटत नव्हते, त्यामुळे लपवताही आलं नाही.

"रडतोस काय?" दादांचाही आवाज कापला. मग माझ्या अंगठ्यांसकट मान वळवून त्यांनी खोलीभर पाहिलं. भिंती पाहिल्या, आईचा फोटो पाहिला, सोराला पाहिलं. शेवटी नजर वहिनींवर येऊन थांबली.

"भावजी, आधी पापण्या सोडा त्यांच्या!" वहिनी डोक्यावर पदरासारखा टॉवेल ओढत ओरडल्या. "मी केस रंगवलेले नाहीत!"

"सोडू नकोस," दादा म्हणाले.

सूप गार झालं, माझे अंगठे भरून आले. पण थोरल्या भावाचा शब्द कसा मोडणार?