एक किलोच्या आतला ट्रिगर

वानखडे सर घरी आले की बेल तीनदा वाजवत आणि आत येता येता तिचं वजन सांगत. "बटन दोनशे ग्रॅमचं हाये तुमचं. बेस हाये." गाडीचं लॉक, पेनचं बटण, आमच्या हिचा गॅसचा लायटर, सगळं ते तर्जनीने दाबून तोलत. अकोल्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर मात्र डोक्यात एकच विषय उरला: पॉइंट बावीसच्या पिस्तुलाचा ट्रिगर.

पिस्तूल नेमबाजीचं. परवाना नवरा-बायको दोघांच्या नावावर, कारण दोघंही नेमबाज. रविवारी अमरावतीला आमच्या रेंजवर जोडीने येत. गेली दोन वर्षं सर एकटेच यायचे. सुनंदाबाईंची तब्येत बरी नसते, एवढंच सांगायचे. एक गोळी झाडली की पिस्तूल खाली. "अजून जड लागून राहिला." मग स्वारी नागपूरला, परवानाधारक कारागिराकडे. आधी स्प्रिंग बदलली, मग अख्खा ट्रिगरच परदेशी बसवला, मग त्याचे स्क्रू पिळून झाले. दर खेपेला ट्रिगर हलका होई आणि सरांचा चेहरा जड. शेवटी कारागिरानेच मला फोन केला. म्हणाला, याहून हलका केला तर शिंकेनेही सुटेल, तुमच्या मास्तरांना आवरा.

जिल्ह्याच्या स्पर्धेत शस्त्रं तपासायचं काम माझ्याकडे होतं. रिकाम्या पिस्तुलाच्या ट्रिगरला एक किलोचं वजन टांगायचं. त्या वजनाने ट्रिगर सुटता कामा नये, असा नियम. सरांचा सुटला. तीनदा टांगलं, तीनदा सुटला. मी म्हटलं, सर, स्क्रू थोडा आवळा, दहा मिनिटांचं काम आहे. त्यांनी मान हलवली, पिस्तूल पेटीत ठेवलं आणि माझं नाव काढून टाका म्हणाले. मागची मंडळी हसली. मला रागच आला. दोन वर्षं जिवाचा आटापिटा करून स्पर्धाच खेळायची नाही?

दुपारी रेंज रिकामी झाल्यावर सर परत आले. सोबत सुनंदाबाई, त्यांच्या खांद्याला धरून, उजवा पाय ओढत. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेल्याचं मला तेव्हा कळलं. एकेकाळी याच रेंजवर त्या आम्हा सगळ्यांना मागे टाकायच्या.

सरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. टेबलावर उशी ठेवली, उशीवर त्यांचा उजवा हात, हातात पिस्तूल. गोळी भरलेली नव्हती. नुसता ट्रिगर ओढून पाहायचा होता. सरांनी मागून मनगटाला आधार दिला. बाईंचं बोट ट्रिगरवर टेकलं, थरथरलं आणि तिथेच राहिलं. मी घड्याळाकडे पाहायचं टाळलं. बऱ्याच वेळाने त्यांनीच बोट काढून घेतलं.

"ट्रिगरचं काही नाही, हो," त्या हळू म्हणाल्या. "माहं बोटच गेलं हाये. तुमाले मालूम हाये न?"

"मालूम हाये," सर म्हणाले. "पण बोट मले दुरुस्त करता येत नाही. ट्रिगर येते."

सरांनी पिस्तूल पेटीत ठेवलं, खाली वाकून बाईंच्या चपलेचा सुटलेला पट्टा लावला, आणि दोघं सावकाश गाडीकडे निघाले.