गायकवाड काकांचं विसरणं

आमचा वॉचमन बिहारचा. त्याला रोज सकाळी सिंधीत "कीअं आहियो?", म्हणजे कसे आहात, असं विचारणारा माणूस अख्ख्या अंबरनाथ पूर्वेत एकच, आमचे शेजारी गायकवाड काका. काका सिंधी नाहीत, वॉचमनही नाही. तो बिचारा "जी साहब, पानी आ गया" असं उत्तर देतो आणि दोघं खुशीत आपापल्या वाटेला लागतात.

"मेंदूला कामाला लावायचं!" हे काकांचं पालुपद. रिटायर झाल्यावर ते उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये पडद्याचं कापड घ्यायला गेले आणि तिथल्या सिंधी शेठशी गप्पा मारून, कापडाऐवजी भाषाच घेऊन आले. दात डाव्या हाताने घासतात. निम्मी पेस्ट मिशीला लागते. सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांचा झुंबा चालतो, तिथे काका इस्त्रीच्या पँटीत हजर. सगळ्या डावीकडे वळल्या की हे उजवीकडे.

"काका, धडकलात ना!"

"धडकलो नाही, ओळख करून घेतली. लोकांत मिसळायला सांगितलंय बाईंनी."

बाई म्हणजे स्टेशनजवळच्या मानसतज्ज्ञ. एकदा काका मलाही तिकडे घेऊन गेले, साक्षीदार म्हणून. काकांनी आपले सगळे पराक्रम सांगितले. बाई हसू दाबत म्हणाल्या, "काका, डाव्या हाताने दात घासायला मी सांगितलेलं नाही."

"मोबाइलवर आलं होतं."

"मी सांगितलं ते साधं आहे. रोज चाला, साखर आणि बीपी ताब्यात ठेवा, नीट झोपा, कमी ऐकू येत असेल तर कान तपासून घ्या, माणसांत राहा. याने विसरण्याच्या आजाराचा धोका कमी होऊ शकतो. खात्री कोणीच देणार नाही. आणि सगळं एकदम नको. आवडत्या गोष्टीला एकच नवी सवय जोडा. ती रुळली की दुसरी."

"मला बटाटावडा आवडतो."

"मग लांबच्या गाडीवरचा आवडू द्या. चालत जा. आणि रोज नको!"

इथपर्यंत सगळं मजेत होतं. पण पुढे काका खरंच विसरायला लागले. काकूंच्या चहात मीठ घातलं. चष्मा डोळ्यांवर असताना फ्रिजमध्ये शोधला. एकदा तर दूध आणायला निघाले आणि दारातच थबकले, "शालन, डेअरी कुठल्या बाजूला गं?"

शालनकाकू कित्येक महिन्यांत बिल्डिंगखाली उतरल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी चप्पल घातली. तेव्हापासून काका कुठेही निघाले की काकू मागे. सकाळी पालेगावच्या रस्त्यावर दोघांची वरात, पुढे काका, मागून काकूंचा आवाज, "अहो, गाडी येतेय, कडेने!" झुंब्यातही काकू आल्या. आधी नुसत्या राखणीला बसल्या, मग पाय हलवू लागल्या. सगळी बिल्डिंग हळहळली, "काकूंच्या नशिबी हे काय आलं!"

परवा सकाळी काका हरवले. काकू भाजीवालीशी बोलत होत्या, तेवढ्यात हे गायब. काकूंनी मला फोन केला, मी स्कूटर काढली. पालेगावला नवे टॉवर उभे राहताहेत, तिथे एका टपरीमागे काका निवांत लिंबूसोडा पीत बसलेले.

"श्श! तिला येऊ दे चालत. आज पार टॉवरपर्यंत येईल."

मी बघतच राहिलो. "म्हणजे तुम्ही विसरत नाही?"

"येडा आहेस का? काहीही विचारून बघ." मग काकांनी ग्लास खाली ठेवला. "तिची मोठी बहीण वांगणीला होती. शेवटी सख्ख्या मुलाला विचारायची, तुम्ही कोण? ते बघून आल्यापासून शालन घरात बसली. म्हणते, मलाही तेच होणार. चालणं सोडलं, बोलणं सोडलं. ऐकायला कमी येतं, तर मशीन नको म्हणते. बाई म्हणाल्या, भीती घालून माणूस उठत नाही. कोणाला तरी आपली गरज आहे असं वाटलं, तर उठतो. म्हटलं, चला, गरज मीच होतो."

"बाईंना हे नाटक माहीत आहे?"

"आहे. चिडल्यात. खरं सांगून टाका म्हणाल्या. सांगणार होतो रे. पण ती चालायला लागली होती..."

तेवढ्यात काकू आल्या. धापा टाकत, कपाळावरचे केस घामाने चिकटलेले. ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी काकांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अगदी हळू विचारलं, "मी कोण? सांगा ना. मी कोण?"

काकांना नाटक पुढे रेटता आलं असतं. "शालन," ते म्हणाले. "शालन आहेस तू." आणि तिथेच, टपरीवाल्यासमोर, लहान मुलासारखे रडत त्यांनी सगळं सांगून टाकलं. काकूंना नीट ऐकू येईना म्हणून मोठ्याने, दोनदोनदा.

काकूंनी पदराने आधी स्वतःचा घाम पुसला, मग काकांचे डोळे.

"उद्यापासून येणार नाहीस ना आता?" काकांनी विचारलं.

काकूंनी कान पुढे केला. "काय म्हणालात?"

काकांनी परत विचारलं.

"येईन की," काकू म्हणाल्या. "पण आधी मला त्या बाईंकडे न्या. कानाचं विचारायचंय."

मी स्कूटरवर सोडतो म्हटलं. दोघांनी एकदमच नको म्हणून हात हलवले आणि ते रस्त्याला लागले. या वेळी दोघांत पुढेमागे कोणी नव्हतं.