मल्लूअण्णांचे चार टक्के

आमच्या मल्लूअण्णांना देव भेटला आणि म्हणाला, "अण्णा, शंभर वर्षं जगा," तर अण्णा विचारतील, "कर धरून का कर सोडून?" चेष्टा नाही हो. लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी जिलेबीचा भाव काढायचे, त्यावर चार टक्के चढवायचे आणि मग घास!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरातल्या एका भांड्यांच्या दुकानात अण्णा बिलं करायचे आणि मी भांड्यांवर नावं घालायचो. आमच्या मालावर चार टक्के विक्रीकर. करासकट आकड्यातून कुणी सरळ चार टक्के वजा करून मूळ भाव काढला, की अण्णा खवळायचे. "आरं, चढवताना शंभरावर अन् उतरवताना एकशेचारावर? शंभराला भोक पडलं की!" वर ही फुशारकी, "बावीस वर्षांत आपली एक चूक न्हाई. दाखवा कुणीबी!" खरंच नव्हती. अख्खा बाजार त्यांना त्यासाठी मानायचा.

एका दुपारी मालक आणि अण्णा जेवायला गेलेले. दुकान माझ्यावर. जवळच्या कुंभारी गावची एक बाई लेकीच्या लग्नाला पितळी घागर घ्यायला आली. मी भाव सांगितला पंचवीस, कर सांगायचा विसरलो. वर शहाणपणा असा, की बिलाआधीच घागरीवर पोरीचं नाव घालून मोकळा!

तेवढ्यात दोघं परतले. अण्णांनी बिल केलं, सव्वीस. बाईनं पदराची गाठ सोडली. पंचवीस रुपये आणि एसटीचं भाडं, बस्स. तिचा चेहराच उतरला. नाव घातलेली घागर दुसरं कोण घेणार? मालक माझ्याकडं बघू लागले.

अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा बाईकडं. मग मोठ्यानं म्हणाले, "आक्का, माजीच चूक. पंचवीस कर धरूनच हायत. मी दुबार चढवला."

"वाचता येत न्हाई म्हनून लुबाडता व्हय?" बाई कडाडली. "नीट बघत जावा की!"

"चुकलं, आक्का," अण्णांनी हात जोडले.

घागर कमरेवर घेऊन बाई तोऱ्यात निघून गेली. "मल्लूअण्णा चुकले!" म्हणत मालक शेजारच्या दुकानात सांगायला धावले. तेवढ्यात अण्णांनी खिशातला रुपया गल्ल्यात टाकला. मला रडूच आलं.

"अण्णा, चूक माझी होती..."

"गप रं. पोरीचं नाव काय घातलंस?"

"शेवंता."

"झ्याक हाय." त्यांनी बिलबुक पुढं ओढलं. "आमच्या घरी कुनाचं घालायची पाळीच आली न्हाई बघ."